आधी वही, मग फोन

आखाजीच्या सकाळी आमच्या घरात दोनच वास दरवळतात: शिजलेल्या पुरणाचा आणि पिळलेल्या आंब्याचा. गेल्या आखाजीला आई पाटावर बसून रस काढत होती. तिची शुगर तपासायचा तो दिवस, म्हणून मी मशीन घेऊन तिच्याजवळ बसलो. तिने हात पदराला पुसले आणि बोट पुढे केलं. सुई टोचली, थेंब पट्टीला लावला आणि आकडा आला ३१२. तोही उपाशीपोटी! आई शांत होती. "माले काय व्हयेल शे?" म्हणाली आणि पुन्हा आंब्यांकडे वळली.

मी आकड्याचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. गोळी वाढवायची का, धुळ्याला न्यायचं का, सगळं एका दमात विचारलं. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "हात साबणाने धुतले होते का?"

नव्हते धुतले. बोटावरचा आंब्याचा रस रक्ताच्या थेंबात मिसळला होता आणि मशीनने रक्तासोबत आंब्याचीही साखर मोजली होती. हात धुऊन, कोरडे करून दुसरं बोट टोचलं. आकडा आला १५४. गोळी वाढवावी लागली नाही आणि धुळ्याची फेरीही टळली.

त्या सकाळी एक गोष्ट मनात पक्की बसली. मोबाईल खरा आकडा जितक्या झटकन पोहोचवतो, तितक्याच झटकन खोटाही पोहोचवतो. लांब बसलेल्या डॉक्टरांसमोर आपण पाठवलेले आकडे आणि आपण सांगितलेली हकिकत एवढंच असतं, आणि त्यावरच ते औषध ठरवतात. म्हणून घरबसल्या मधुमेह सांभाळायचा असेल तर मोबाईलच्याही आधी दोन गोष्टी जमल्या पाहिजेत: बोट टोचण्याची योग्य रीत आणि रोजची वही.

फोनवर काय भागतं, काय नाही

आयसीएमआरचा इंडियॅब अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांवरच्या १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, म्हणजे साधारण नऊ माणसांत एकाला. एवढ्या लोकांनी दर महिन्याला मोठ्या डॉक्टरांच्या दारात रांग लावणं शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही.

आपल्या शिंदखेडा तालुक्यापुरतं पाहा. शिंदखेड्याला ग्रामीण रुग्णालय आहे, दोंडाईच्याला उपजिल्हा रुग्णालय आहे. पण मधुमेहाच्या तज्ज्ञांना दाखवायचं म्हटलं की बहुतेकांना धुळं गाठावं लागतं. त्यात रुग्णाचा दिवस जातो, सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते, गाडीभाडं वेगळं. आणि कित्येकदा एवढं करून ऐकायला मिळतं ते "याच गोळ्या चालू ठेवा" एवढंच. अशा फेऱ्या फोनवर वाचू शकतात.

हे आधी करून पाहिलेलं आहे. तमिळनाडूत चुनामपेट नावाच्या ग्रामीण भागात डॉ. व्ही. मोहन यांच्या पथकाने २००६ पासून ४२ गावांत मधुमेहाचा प्रकल्प राबवला. इस्रोच्या उपग्रहाच्या मदतीने चालणारी तपासणीची गाडी गावोगाव फिरायची आणि तपासणीची माहिती थेट चेन्नईच्या तज्ज्ञांपर्यंत पोहोचायची. तेवीस हजारांहून जास्त प्रौढांची तपासणी झाली. ज्यांना मधुमेह होता त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, वर्षभरात ९.३ वरून ८.५ वर आली. आणि पुढच्या उपचारासाठी चेन्नईला पाठवावं लागलं ते शंभरातल्या पाचांपेक्षाही कमी रुग्णांना. तंत्रज्ञानासोबत गावात रोज हजर असणारी माणसं होती, म्हणून हे जमलं. आपल्याकडे हे काम आशाताई, उपकेंद्रातले आरोग्य अधिकारी आणि घरातली माणसं करू शकतात.

फोनवर चालणारी कामं अशी: आकडे दाखवून गोळीचं किंवा इन्सुलिनचं प्रमाण ठरवणं, चालू गोळ्यांची चिठ्ठी पुन्हा घेणं, तपासणीचा रिपोर्ट समजून घेणं, सणासुदीचं आणि उपवासाचं नियोजन, आहारातल्या शंका.

फोनवर न भागणारी कामं: पहिली संपूर्ण तपासणी, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, पायांची संवेदना पाहणं, इन्सुलिन टोचायला शिकणं आणि कुठलीही तातडीची अडचण. लघवीतलं प्रथिन, रक्तातलं क्रिएटिनिन, चरबी, डोळे आणि पाय, एवढ्या गोष्टी वर्षातून एकदा प्रत्यक्षच तपासून घ्यायच्या. एचबीए१सी साखर ताब्यात असेल तर वर्षातून दोनदा आणि नसेल तर दर तीन महिन्यांनी. फोनमुळे वाचलेल्या फेऱ्यांतली एक फेरी या वार्षिक तपासणीसाठी राखून ठेवा.

फोनवरून उपचार देणं कायद्याला धरून आहे. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी त्याची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांनुसार डॉक्टरांनी आपलं नाव आणि नोंदणी क्रमांक सांगायचा असतो आणि रुग्णाने आपली ओळख. व्हिडिओ, साधा फोन किंवा मेसेज, तिन्ही मार्ग चालतात. ज्या डॉक्टरांनी तुम्हाला त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष तपासलंय, त्यांना पुढचा सल्ला फोनवर देणं सोपं जातं. म्हणून वर्षातून किमान दोनदा आपल्या डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटा आणि मधले महिने फोनवर सांभाळा.

घरात काय असावं

पाच वस्तू पुरतात: साखर मोजायचं मशीन आणि त्याच मशीनच्या पट्ट्या, दंडाला लावायचं बीपीचं मशीन, वजनकाटा (शेजारच्या घरातला किंवा उपकेंद्रातला चालेल, पण दर वेळी तोच), रेघांची शंभर पानी वही आणि एक मोबाईल. तो स्मार्टफोन असला तर बरंच. नसला तरी अडत नाही, कारण वहीतले आकडे साध्या फोनवर वाचून दाखवता येतात.

मशीन घेताना ते किती स्वस्त आहे यापेक्षा पट्टी कितीला पडते ते विचारा. मशीन एकदाच घ्यायचं असतं, पट्ट्या जन्मभर लागतात. शिवाय त्या पट्ट्या आपल्या गावच्या मेडिकलवर कायम मिळतात का, याची खात्री करा. पट्ट्यांसाठी दर वेळी धुळ्याला जावं लागलं तर महिन्या-दोन महिन्यांत तपासणी बंद पडते.

मशीन खरं बोलतंय का हेही पाहता येतं. प्रयोगशाळेत उपाशीपोटी रक्त द्याल, त्याच वेळी तिथेच आपल्या मशीनवरही बोट टोचून आकडा लिहून ठेवा. चांगल्या मशीनचा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा साधारण १५ टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे चालतो. प्रयोगशाळेत १५० आले आणि मशीनने १३५ किंवा १६५ दाखवले तर काळजी नको. २०० दाखवले तर मात्र आधी पट्ट्यांची मुदत पाहा, त्या ओलसर किंवा गरम जागी राहिल्या होत्या का ते आठवा आणि मशीन दाखवून घ्या.

बोट टोचण्याची रीत

१. साबणाने हात धुवा. कोमट पाणी असलं तर उत्तम, बोटात रक्त छान उतरतं.

२. हात पूर्ण कोरडे करा. ओल्या बोटावर थेंब पातळ होतो आणि आकडा खाली येतो. फळ, गूळ, साखर, चहाचा कप, काहीही हाताळलं असेल तर न धुता टोचायचं नाही.

३. पट्टी डबीतून काढली की झाकण लगेच लावा. पट्ट्या सुट्या करून खिशात किंवा बटव्यात ठेवू नका.

४. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा. तिथे कमी दुखतं. दर वेळी बोट बदला, नाहीतर एकाच जागी घट्टा पडतो.

५. थेंब येत नसेल तर बोट जोरात पिळू नका. हात खाली लोंबता ठेवून तळव्याकडून बोटाकडे हलकेच चोळा.

६. आकडा दिसला की लगेच वहीत लिहा. नंतर लिहू म्हटलं की राहून जातं.

७. सुई प्रत्येकाची वेगळी. एका घरात दोघांना मधुमेह असला तरी सुई एकच वापरायची नाही. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, बूच लावा आणि उपकेंद्रात द्या. उकिरड्यावर टाकलेली सुई उघड्या पायात जाते.

खान्देशचा उन्हाळा पट्ट्यांना सोसत नाही. बहुतेक पट्ट्या ३० अंशांपर्यंतच ठेवायच्या असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पार जातो. पत्र्याच्या घरात, खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत डबी ठेवू नका. मधल्या खोलीतला सर्वांत गार कोपरा तिच्यासाठी ठरवा. पट्ट्या फ्रिजमध्ये ठेवायच्या नसतात, तिथल्या दमटपणाने त्या बिघडतात. न उघडलेलं इन्सुलिन मात्र फ्रिजमध्येच, पण बर्फाच्या कप्प्याजवळ अजिबात नको. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं. फ्रिज नसेल किंवा वीज सारखी जात असेल तर माठाची जुनी युक्ती कामी येते. मोठ्या मडक्यात ओली वाळू भरा, त्यात छोटं मडकं बसवा, इन्सुलिन घट्ट झाकणाच्या डबीत घालून त्या छोट्या मडक्यात ठेवा आणि वर ओलं फडकं टाका. वाळू रोज ओली करा, मडकं सावलीत आणि वाऱ्याला राहू द्या. चालू असलेली कुपी किंवा पेन बहुतेक वेळा चार आठवड्यांनी बदलायचं असतं. म्हणून उघडलं त्या दिवसाची तारीख त्यावर लिहून ठेवा.

वही कशी लिहावी

"परवा दोनशे होती, काल कमी होती" असं सांगितलं तर डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही. आकड्यासोबत त्याची हकिकत हवी: कधी मोजलं, आधी काय खाल्लं, औषध घेतलं का, वेगळं काय घडलं. कापूस वेचणीच्या दिवसांतलं, गोळ्यांवर असलेल्या एका बाईच्या वहीचं हे पान समजा:

सोमवार: उपाशीपोटी १३२. काल रात्री दीड भाकरी, वांग्याची भाजी. गोळ्या घेतल्या.

मंगळवार: दुपारी जेवणाआधी ११८, जेवणानंतर दोन तासांनी २०६. दोन भाकरी, शेवभाजी, वाटीभर भात.

गुरुवार: उपाशीपोटी १६८. काल रात्रीची गोळी राहिली.

शुक्रवार: रात्री जेवणाआधी १२६, दोन तासांनी १६४. एक भाकरी, घोसाळ्याची भाजी, ताक.

शनिवार: सकाळी अकराला हात थरथरले, घाम आला. ६६. नाश्ता न करता वेचणीला गेली होती. तीन चमचे साखर घेतली, पंधरा मिनिटांनी ९८. मग भाकरी खाल्ली.

आठवड्यात आठ पट्ट्या लागल्या, पण डॉक्टरांना यातून केवढं तरी कळतं. दुपारच्या जेवणात भाकरीवर भात पडला की आकडा चढतो, रात्रीचं जेवण बरोबर आहे, गुरुवारचा आकडा राहिलेल्या गोळीमुळे आणि शनिवारी साखर उतरली ती रिकाम्या पोटी राबल्यामुळे. "नाश्ता न करता" हे तीन शब्द लिहिले नसते तर ६६ पाहून गोळी कमी झाली असती. "गोळी राहिली" हे लिहिलं नसतं तर १६८ पाहून ती वाढली असती.

खाणं लिहिताना "थोडंसं", "नेहमीसारखं" असं लिहू नका. भाकरी किती, वाटी किती, चहा किती वेळा आणि त्यात साखर किती, हे लिहा. आपल्याकडे ज्याच्या घरी जावं तिथे चहा होतोच. बाजाराच्या दिवशी असे चार-पाच चहा सहज होतात, आणि वहीत ते दिसले की संध्याकाळच्या चढलेल्या आकड्याचं कारण लगेच सापडतं. कळण्याची भाकरी पौष्टिक खरी, पण तीही मोजायची. ज्वारीने साखर वाढत नाही हा समज चुकीचा आहे. भाकरी ज्वारीची असो की बाजरीची, किती खाल्ली त्यावर सगळं ठरतं.

बहुतेकांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत, हे लक्ष्य धरतात. वय जास्त असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा साखर वारंवार उतरत असेल तर लक्ष्य वेगळं असतं. आपलं लक्ष्य डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. त्याच पानावर सगळ्या औषधांची नावं आणि प्रमाण, इतर आजार, कशाची अ‍ॅलर्जी आहे ते, आणि घरातल्या दोन माणसांचे फोन नंबर.

कॉलच्या आधी आणि कॉलवर

आदल्या दिवशी वहीची गेल्या दोन आठवड्यांची पानं उजेडात धरून फोटो काढा आणि पाठवा. बीपी आणि वजन लिहा. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, बाही वर करायची, हात छातीच्या उंचीवर टेकवायचा. उरलेल्या गोळ्यांची पाकिटं एका ताटात काढून समोर ठेवा. नाव वाचता येत नसेल तर पाकीटच कॅमेऱ्यासमोर धरा. विचारायचे तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा, कारण ऐन वेळी ते आठवत नाहीत.

रेंजचा प्रश्न गावोगाव आहे. व्हिडिओ अडकत असेल तर साध्या फोनवर बोला, त्यात कमीपणा काही नाही. पण रेंज चांगली येते म्हणून मारुतीच्या पारावर बसून सल्ला घेऊ नका. लघवीच्या जागी खाज, संसारातली अडचण, रात्री अंथरूण ओलं होणं, या मधुमेहातल्या नेहमीच्या तक्रारी आहेत आणि चारचौघांत त्या कुणी सांगत नाही. गच्चीवर जा, खळ्यात जा, पण एकांत बघा.

रुग्णाला स्वतः बोलू द्या, हे मी हात जोडून सांगतो. आईच्या वतीने मुलगा बोलतो, बायकोच्या वतीने नवरा, आणि जिला आजार आहे ती दाराआड उभी राहून ऐकते. डॉक्टरांनी "झोप लागते का, पायांना मुंग्या येतात का" असं विचारलं तर उत्तर तिलाच माहीत असतं. फोन तिच्या हातात द्या, स्पीकर चालू करा. ती अहिराणीत बोलली तरी चालेल, लागेल तिथे तुम्ही मदत करा.

कॉल संपायच्या आत, डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांनाच परत म्हणून दाखवा: "सकाळची गोळी तीच, रात्रीची अर्धी, पंधरा दिवसांनी पुन्हा फोन, बरोबर?" यात घोटाळे तिथल्या तिथे सुटतात. चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक आणि तारीख आहे ना ते पाहा. मेडिकलवर गोळी घेताना चिठ्ठीतलं नाव आणि पाकिटावरचं नाव ताडून पाहा, ब्रँड बदलला असेल तर विचारा.

सरकारी सोय

केंद्र सरकारची ई-संजीवनी ही सेवा मोफत आहे. तिच्या दोन वाटा आहेत. पहिली, आपल्या गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात जायचं. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी तुमचं बीपी आणि शुगर तपासतात आणि तुमच्यासमोर बसून डॉक्टरांना व्हिडिओवर जोडून देतात. ही व्यवस्था नोव्हेंबर २०१९ पासून आहे. दुसरी, घरूनच मोबाईलवर. ही एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात सुरू झाली. मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, नोंदणी होते, टोकन मिळतं, पाळी आली की डॉक्टर समोर येतात आणि चिठ्ठी मोबाईलवर येते.

ज्यांना मोबाईलची सवय नाही त्यांनी पहिली वाट धरावी. तिथे तपासणारं माणूस शेजारी असतं, आणि औषध तिथे असलं तर तिथेच मिळतं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तीस वर्षं ओलांडलेल्या प्रत्येकाची मधुमेह आणि बीपीची तपासणी करणं हाही सरकारी कार्यक्रमाचा भाग आहे. आशाताई त्यासाठी अर्ज भरायला आल्या तर त्यांना दारातून परत पाठवू नका. जाताना वही मात्र सोबत न्या. ई-संजीवनीवर दर वेळी वेगळे डॉक्टर भेटू शकतात आणि त्यांना तुमची मागची हकिकत वहीतूनच कळते.

सण, उपवास, वेचणी

आपलं वर्ष सणांचं आणि शेताचं आहे, म्हणून औषधाचं नियोजनही त्याच हिशेबाने करावं. आखाजीचा आमरस आणि पुरणपोळी, कानबाईचे रोट, श्रावणाचे आणि नवरात्राचे उपवास, रमजानचे रोजे, हे सगळं आधीच ठाऊक असतं. सण झाल्यावर वाढलेला आकडा घेऊन घाबरून फोन करण्यापेक्षा आठवडाभर आधी फोन करा आणि विचारा: यंदा किती खाऊ, गोळीची वेळ बदलू का? रोजे करणाऱ्यांनी महिनाभर आधी विचारावं. उपवासाला साबुदाणा, भगर आणि बटाटा यांनी साखर झपाट्याने चढते, आणि काहीच न खाता गोळी घेतली तर साखर घसरते. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगा.

वेचणीला किंवा निंदणीला जाताना कमरेच्या पिशवीत साखरेची पुडी ठेवा. सोबतच्या बायांना सांगून ठेवा: मला घाम सुटला, हात थरथरले, मी वेडंवाकडं बोलू लागले तर ही पुडी तोंडात घाला.

पायाचा फोटो

मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू जाते. पऱ्हाटीचा खुंट किंवा बाभळीचा काटा तळव्यात शिरतो आणि माणसाला कळतही नाही. रोज रात्री पाय धुऊन, कोरडे करून, उजेडात पाहा. तळवा दिसत नसेल तर आरसा धरा किंवा नातवाला पाहू द्या. जखम, फोड, भेग किंवा लाली दिसली तर त्याच दिवशी फोटो पाठवा. फोटो दिवसाच्या उजेडात काढा. आकार कळावा म्हणून शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. एक फोटो जवळून, एक पूर्ण पायाचा. पण पाय काळा पडला, पू आला, वास येऊ लागला किंवा ताप भरला, तर फोटोत वेळ घालवू नका, थेट रुग्णालय गाठा.

फोन खाली ठेवून निघायची वेळ

साखर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीत आहे: तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० च्या खालीच असेल तर पुन्हा द्या. वर आली की भाकरी किंवा जेवण. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची साखर सहसा अशी उतरत नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीमुळे ती काही तासांनी पुन्हा घसरू शकते, म्हणून दिवसभर लक्ष ठेवा आणि डॉक्टरांना कळवा.

माणूस बेशुद्ध आहे: तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

साखर सतत ३०० च्या वर आहे, किंवा उलट्या, पोटदुखी, धाप आणि गुंगी आहे: रुग्णालय. इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन मनाने बंद करायचं नसतं.

अचानक दम लागला, थंड घाम सुटला, छाती जड झाली, तोंड वाकडं झालं, बोबडी वळली: १०८. मधुमेहात हृदयाचा झटका छातीत न दुखताही येतो, हे लक्षात असू द्या.

हे सगळं एका कागदावर लिहून मशीनच्या डबीत ठेवा.

लांब राहणाऱ्या मुलांसाठी

आपली कितीतरी मुलं सुरतला, नाशिकला, पुण्याला कामाला आहेत. त्यांनी घरच्या म्हाताऱ्यांसाठी महागडं यंत्र धाडण्याआधी रोज संध्याकाळी पाच मिनिटांचा फोन ठरवावा आणि "बरी आहेस ना?" याऐवजी "आज वहीत काय लिहिलं?" असं विचारावं. दंडाला चिकटवायचा सेन्सर मिळतो. तो साधारण १४ दिवस साखर नोंदवत राहतो आणि आकडे मोबाईलवर दाखवतो. दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणाऱ्यांना किंवा न कळता साखर उतरणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे. गोळ्यांवर साखर ताब्यात असलेल्यांनी त्यासाठी कर्ज काढायची गरज नाही.

बोट न टोचता साखर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या मात्र घेऊ नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये इशारा दिला की अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. "मधुमेह मुळासकट बरा, गोळ्या बंद करा" अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. आणि डॉक्टर असल्याचं सांगून कुणी फोनवर ओटीपी किंवा बँकेची माहिती मागितली तर फोन ठेवून द्या.

आमच्या घरी आता आईच सांगते, "आधी हात धुऊ दे." तिला अक्षरं येत नाहीत, पण आकडे येतात. ती आकडा स्वतःच्या हाताने लिहिते, नात शेजारी बसून जेवणाचं लिहिते. परवा डॉक्टरांशी तीच बोलली आणि रसाच्या वाटीचा हिशेब तिनेच विचारून घेतला. पुढच्या बाजाराला जाल तेव्हा पट्ट्यांच्या डबीसोबत एक वही घ्या. आणि पहिल्या ओळीत आजची तारीख आणि उपाशीपोटीचा आकडा लिहा.